आयात शुल्क माफ झालं, कापूस पडला. यात आमच्या मताला जागा कुठे?

कपाशीवाली, ता. पारोळा (3 डिसेंबर 2025)

नमस्कार मंडळी. प्रश्न राजकारणाचा आहे, पण पक्षाचा नाही. दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड माझ्याकडे ढिगाने पडलेत, ते इथे नकोत.

आमचा सहा एकर कापूस. निम्मा ठिबकवर, मेअखेरीस लावलेला. पहिल्या वेचणीवर पाऊस आला आणि बरीच कवडी (डागाळलेला, खराब कापूस) झाली, त्याचं दुःख वेगळं. जो चांगला निघाला तो गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला क्विंटलला 6,900 ने दिला. लांब धाग्याचा यंदाचा हमीभाव 8,110. सरकारी खरेदी केंद्रावर न्यायचा तर अ‍ॅपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पीकपेरा, मग स्लॉट. तोवर वेचणीवाल्या बायांचे पैसे थकवायचे का? मला ते जमलं नाही.

आता ऑगस्टमधल्या तारखा बघा. 7 तारखेला पंतप्रधान दिल्लीतल्या परिषदेत म्हणाले की शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही. 19 तारखेपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ, 30 सप्टेंबरपर्यंत. 27 तारखेला गणेश चतुर्थी. आपल्याकडे त्या मुहूर्तावर काटापूजन होऊन नव्या कापसाची पहिली खरेदी होते. त्याच दिवशी अमेरिकेचं 50 टक्के शुल्क आपल्या मालावर लागू झालं. आणि 28 तारखेला आपली माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे आमचा सगळा हंगाम त्यात गेला.

सासरे म्हणतात, अमेरिकेचं भांडण आणि आपली गोणी यांचा काय संबंध? मी अमळनेरला राज्यशास्त्रात एमए केलंय, त्यामुळे संबंध मला सांगता येतो. सांगता येत नाही ते दुसरंच. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना माझं मत कुठे लागतं? ग्रामपंचायतीला मी मत देते, तिचा यात हात नाही. बाजार समितीला यातलं काही कळवतसुद्धा नाहीत. जिल्हा परिषदेवर 2022 पासून प्रशासक. तीन वर्षं सदस्यच नाहीत तर विचारायचं कुणाला? उरले खासदार. पण हे लोकसभेत मतदानाला आलंच नव्हतं. मग नेमकं कोणाला धरायचं?

---

धुळाना भाऊ

ताई, आपले कोण इचारस? भाव ठरस न्यूयॉर्कमा, शुल्क ठरस दिल्लीमा, अन कापूस पडेल शे आम्हना वट्टावर.

---

निवृत्त ग्रेडर, जळगाव

धुळ्याच्या भाऊंनी तीन वाक्यांत सगळं सांगितलं. तरी मी लांबण लावतो, कारण बसून आहे.

माझी हयात जिनिंगात गेली. रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, पुंजका बोटांत ओढून लांबी सांगायची, यावर घर चाललं. राज्यशास्त्र आपल्याला येत नाही, हिशेब येतो. तेव्हा ताई, आधी हिशेब करू, कारण शुल्कावर सगळे तावातावाने बोलतात पण क्विंटलला किती फरक पडला हे कोणी मांडत नाही.

रुईचा सौदा खंडीवर होतो. खंडी म्हणजे 356 किलो. उतारा (कापसातून निघणारी रुई) 34 टक्के धरला तर एका खंडीला साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो. न्यूयॉर्कचा वायदा सध्या पौंडाला 65 सेंटच्या आसपास आहे. ते रुपयांत करा, वर दर्जाचा फरक आणि जहाजाचं भाडं चढवा. बाहेरची रुई आपल्या बंदरात खंडीला पन्नास हजारांच्या आगेमागे पडते. त्याचे 11 टक्के म्हणजे साडेपाच हजार. साडेदहा क्विंटलवर वाटले की क्विंटलला पाचशे-सव्वापाचशे येतात. सरकीचा भाव यात धरलेला नाही, तो ढेपेवर आणि तेलावर चालतो, या शुल्कावर नाही.

तुमच्या 8,110 आणि 6,900 मध्ये फरक 1,210 चा. म्हणजे उद्या शुल्क जसंच्या तसं परत बसलं तरी त्यातले पाचशे भरून निघतील. तेही गिरणी आणि जिनवाला यांनी खालपर्यंत येऊ दिले तर. बाकीचे सातशे कुठे गेले हे शुल्कासाठी मोर्चा काढणारा कोणी सांगणार नाही. काही ओलाव्यात गेले. हमीभाव 8 टक्के ओलाव्याचा असतो, वर प्रत्येक टक्क्याला कपात आणि 12 च्या वर माल परत. यंदाच्या पावसात 8 टक्क्यांचा कापूस खानदेशात कोणाकडे होता? काही घाईत गेले, वेचणीचे पैसे द्यायचे होते म्हणून. त्यात तुमचा दोष नाही, रोख लागतेच. आणि मोठा भाग जगाच्या मंदीत गेला.

मंदीचं कारण ऐका. आपलं रुईचं उत्पादन हेक्टरी 450 किलोच्या आसपास अडकलंय. ब्राझीलचं 1,800 च्या वर. 2013-14 मध्ये आपल्या देशात 398 लाख गाठी झाल्या होत्या, आता तीनशेच्या आगेमागे. बीटी बियाणं 2002 ला आलं, आम्ही जिनात दिवसरात्र पाळ्या केल्या एवढा माल यायचा. मग गुलाबी बोंडअळी त्या बियाण्यालाही जुमानेना. नवीन काही आलं नाही. त्या काळात ब्राझील पुढे गेला आणि 2023-24 ला निर्यातीत अमेरिकेलाही मागे टाकलं.

हाच ब्राझील 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध उभा राहिला. तक्रार अशी की अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना इतकं अनुदान देते की जगाचा भाव पडतो. ब्राझील जिंकला. अमेरिका अनुदान हटवायला तयार नव्हती, शेवटी 2014 मध्ये 300 दशलक्ष डॉलर देऊन तडजोड केली. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे गरीब देशही 2003 पासून हेच ओरडतायत, त्यांच्या हाती फारसं लागलं नाही. आणि गंमत म्हणजे 2018 मध्ये अमेरिकेनेच जिनिव्हात, त्याच संघटनेत, कागद टाकला की भारत कापसाला हमीभावाने मर्यादेबाहेर आधार देतो. तर तुमचा 8,110 हा आकडा पारोळ्यात मिळत नाही, पण जिनिव्हात त्यावर भांडण आहे. सासऱ्यांना हे सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न, कोणाला धरायचं. माझं मत असं की कोणाला यापेक्षा कधी हे महत्त्वाचं.

5 मार्च 2012 ला केंद्राने कापसाची निर्यात एका आदेशाने बंद केली. त्या वेळी चीन जोरात घेत होता, गिरण्यांची ओरड होती की माल उरणार नाही. भाव लगेच खाली. पण त्या वेळी बराच कापूस शेतकऱ्याच्या घरात होता. त्यामुळे गलका झाला. शरद पवार केंद्रात कृषिमंत्री होते, ते उघड म्हणाले की मला विचारलंच नाही. नरेंद्र मोदी तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री, त्यांनीही विरोध केला. 12 मार्चला, म्हणजे आठवड्यात, बंदी मागे घेतल्याचं सांगावं लागलं. नव्या नोंदण्या सुरू व्हायला पुढे वेळ गेला, पण सरकार वाकलं हे खरं.

आता यंदाचा ऑगस्ट बघा. कापूस झाडावर, बोंडं हिरवी. घरात एक किलो नाही. कोण ओरडणार? बैलपोळा आणि गणपती चालू होते. गिरणीवाले मात्र बारा महिने जागे. त्यांच्या संघटनांची दिल्लीत कार्यालयं, त्यांची निवेदनं हंगामाच्या आधी जातात. त्यांना दोष देत नाही. अमेरिकेने 50 टक्के लावल्यावर तामिळनाडूतल्या तिरुपूरच्या कापडाला स्वस्त धागा हवाच होता, तिथेही हजारो बाया शिलाईवर पोट भरतात. पण ज्याने वेळेत मागितलं त्याला मिळालं. आपण 31 डिसेंबर आल्यावर जागे होतो, तोवर निम्मा कापूस विकून झालेला असतो.

2022 ची माफी एप्रिलमध्ये आली होती, ऑक्टोबरअखेर संपली. त्या वर्षी कापूस दहा हजारांच्या वर गेला होता आणि बहुतेकांचा विकून झाला होता. ती मला तेव्हाही खटकली नाही, आजही खटकत नाही. यंदाची खटकते, कारण ती वेचणीच्या अंगावर आली.

बाकी बाहेरच्या भावाचं म्हणाल तर नवीन काही नाही. अमेरिकेत 1861 ते 65 यादवी चालली, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा हेच आपलं जळगाव कापसाची मोठी पेठ झालं. रेल्वे नुकती आली होती. युद्ध संपलं, भाव कोसळले, व्यापारी बुडाले. तेव्हा मत नावाची वस्तूच नव्हती. 1972 ला राज्याने एकाधिकार आणला, सगळा कापूस सरकारलाच विकायचा. त्या काळात भाव तिकडे चढला की शिरपूर ओलांडून मध्य प्रदेशात सेंधव्याला रात्री किती ट्रक गेले याची आठवण असलेले अजून आहेत, नावं विचारू नका.

---

कपाशीवाली, ता. पारोळा

काका, हिशेबाबद्दल आभार. पाचशे रुपयांचा आकडा मी गावात सांगितला तर दोन्ही गट चिडले. एकाला तो फार कमी वाटला, दुसऱ्याला फार जास्त.

पण वेळेचं तुम्ही म्हणता ते मला अर्धंच पटतं. 2012 ला ओरडणारे मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्री होते. आमच्या गावच्या बायांनी वेळेवर ओरडलं असतं तरी ऐकलं असतं का? आणि कायद्याने हे ठरवतं कोण, हा प्रश्न उरलाच.

---

धुळ्याचा वकील

कायद्याचं मी सांगतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची आणि राज्याची यादी आहे. राज्याच्या यादीत 14 वी नोंद शेतीची. केंद्राच्या यादीत 14 वी नोंद परदेशांशी करार करण्याची. आकडा एकच, पण ताकद सारखी नाही. परदेशी व्यापार केंद्राच्या 41 व्या नोंदीत, सीमाशुल्क 83 व्या. शिवाय कलम 253 प्रमाणे करार अमलात आणायला संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते. म्हणून मुंबईच्या विधानसभेत कापसावर कितीही तास चर्चा झाली तरी हे 11 टक्के तिथून हलत नाहीत.

माफी दिली जाते ती 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25 खाली. अर्थ मंत्रालय अधिसूचना काढतं, झालं. आधी संसदेत जावं लागत नाही. मात्र कलम 159 प्रमाणे ती नंतर दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते आणि सभागृहं तीत बदल करू शकतात किंवा ती रद्द करू शकतात. करत नाहीत हा भाग निराळा. सदस्य तो कागद उघडून बघतात की नाही, देव जाणे.

करारांचं तर याहून सैल आहे. आपल्याकडे व्यापार करार संसदेने मंजूर करावाच लागतो असं बंधन नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला, त्यात वर्षाला 51,000 टन कापूस शुल्काशिवाय यायची मुभा आहे. ती मुभा 31 डिसेंबरला संपणार नाही, ताई. आणि 32 मिलिमीटरच्या वरच्या लांब धाग्यावरचं शुल्क फेब्रुवारी 2024 पासूनच माफ आहे. तुमच्या शेतातला धागा त्यात बसत नाही, म्हणून त्याची बातमी कोणी केली नाही.

आता करण्यासारखं. संसदेचं हिवाळी अधिवेशन 19 डिसेंबरपर्यंत आहे. लेखी प्रश्नाला किमान 15 दिवसांची नोटीस लागते, ती वेळ आता गेल्यात जमा आहे. पण शून्य प्रहर आणि नियम 377, म्हणजे खासदाराने सभागृहात विषय मांडायच्या दुसऱ्या वाटा, उरतात. खानदेशात लोकसभेच्या चार जागा आहेत: नंदुरबार, धुळे, जळगाव, रावेर. चौघांनी मिळून एक विषय मांडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ते केळी-कापूस वाटून घेतात.

---

केळीबाग, रावेर

वकीलसाहेबांनी केळीचं नाव काढलं म्हणून लिहितो. मी कापसाच्या विरोधात नाही, आमच्याकडेही कोरडवाहू तुकड्यात कपाशी आहे. पण 'शुल्क लावा' ही मागणी ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो.

आमची केळी आता नुसती सावद्याहून दिल्लीला जात नाही. मृगबागेचा (पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या बागेचा) चांगला घड निघाला की पॅकहाऊसला धुऊन, 13 किलोच्या खोक्यात भरून, थंड कंटेनरने न्हावाशेव्याला आणि तिथून आखाताकडे: इराण, इराक, दुबई, ओमान. निर्यातीचा आणि बऱ्हाणपूरच्या बाजारातल्या बोर्डाचा भाव यातला फरक ज्याने एकदा बघितला तो मागे वळत नाही. पण जूनमध्ये इस्रायल आणि इराण यांचं बारा दिवस युद्ध झालं तेव्हा रावेर-यावलच्या पारावर लोक इराणच्या बंदर अब्बासच्या बातम्या बघत होते. केळी थांबत नाही. कापूस घरात तीन महिने ठेवता येतो, घड तीन दिवस थांबला की चिपाडात जमा.

म्हणून माझं म्हणणं असं की आपण दरवाजे लावले तर समोरचाही लावतो. बांगलादेशाचं बघा. आपल्या कापसाचं आणि सुताचं ते मोठं गिऱ्हाईक. ऑगस्ट 2024 ला तिथलं सरकार गेलं, संबंध आंबले. एप्रिलमध्ये त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांवरून सूत घेणं बंद केलं, मे महिन्यात आपण त्यांचे कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातून घेणार असं ठरवलं. यात 11 टक्क्यांचा संबंध नव्हता, तरी फटका सुतालाच. यावर कोणी मोर्चा काढला? निवडणुकीत कोणी एक शब्द बोललं? काल पालिकांचं मतदान झालं, आमच्याकडे प्रचार गटारी आणि एलईडी दिव्यांवर चालला. असो, पालिकेला तेच विषय.

गावाने परदेशी धोरणावर बोलावं का, असं कोणी विचारलं तर मात्र मी ताईंच्या बाजूने. फैजपूर आमच्या हाकेवर आहे. 27 आणि 28 डिसेंबर 1936 ला तिथे काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलंच. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, मंडप सजवायला नंदलाल बोस आले होते. तिथे शेतसारा आणि कर्ज कमी करण्याचा कार्यक्रम मांडला गेला आणि त्याच मंडपात स्पेनच्या जनतेला पाठिंब्याचा ठराव झाला. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक चटईवर बसून स्पेनचं ऐकत होते. त्यांना कोणी म्हणालं नाही की तुम्ही आधी विहिरीचं बघा.

---

निवृत्त ग्रेडर, जळगाव

रावेरच्या भाऊंचं एक खोडतो. कापूस घरात तीन महिने ठेवता येतो खरा, पण ज्याच्या घरात धान्य आहे त्यालाच. आणि ठेवला तर अंगाला खाज सुटते ती वेगळी. बाकी बांगलादेशचा मुद्दा बरोबर. जिनवाल्यांच्या बोलण्यात तो अमेरिकेपेक्षा जास्त येतो.

---

कपाशीवाली, ता. पारोळा

ठरलं. ग्रामसभेत ठराव मांडते. आधी महिला ग्रामसभा होते, तिथेच मांडेन, वेचणीला जाणाऱ्या सगळ्या तिथे असतात. मसुदा असा: "कापसावरील आयात शुल्काची माफी 31 डिसेंबरनंतर वाढवू नये, आणि यापुढे अशी माफी देण्यापूर्वी कापूस उत्पादक जिल्ह्यांचे मत घ्यावे."

ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) म्हणतात की हा विषय ग्रामपंचायतीच्या कक्षेत नाही, अजेंड्यावर घेता येणार नाही. काय करू?

---

धुळ्याचा वकील

कक्षेत नाही हे खरं, आणि ठराव कोणावर बंधनकारकही नाही. पण सभेने मागणी करायला बंदी कुठे आहे? रस्त्याचा ठरावही राज्य सरकारकडे मागणी म्हणूनच जातो. अजेंड्यावर नसेल तर अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय म्हणून मांडा, सूचक आणि अनुमोदक दोन्ही बाया असू द्या, आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं की नाही ते सही करण्याआधी वाचा. प्रत खासदारांच्या कार्यालयात द्या, पोच घ्या. 19 तारखेच्या आत. ग्रामसभेला उशीर होत असेल तर तोच मजकूर सह्यांचं निवेदन म्हणून आधी पाठवा.

---

निवृत्त ग्रेडर, जळगाव

मसुद्यात एक दुरुस्ती. "मत घ्यावे" याला दिल्लीत कोणी विचारत नाही. महिने लिहा: "1 ऑक्टोबर ते 31 मार्च या काळात कापसावरील आयात शुल्क माफ करू नये." गिरण्यांना उन्हाळ्यात माल कमी पडतो, तेव्हा त्यांनी आणावा, आपली हरकत नाही. असं लिहिलं की तिरुपूरवालाही भांडायला येणार नाही आणि रावेरच्या भाऊंची केळीही सुटेल. आणि ओलाव्याचं वेगळं कलम टाका, पावसाच्या वर्षी 12 ची मर्यादा सैल करावी म्हणून. 11 टक्क्यांच्या नादात ते राहून जाईल, आणि यंदा त्याने जास्त मारलंय.

---

धुळाना भाऊ

ताई, मसुदा आठे टाका. आम्हना गावमा बी तोच वाचसूत.